चार गरोदर बायका, सात गोण्या

खोटं बोलणार नाही, सुरुवात मीच केली.

मी एकोव. धंद्यानं शिंपी, पण कपडे शिवत नाही, निशाणं शिवतो. केप कोस्टच्या बाजूला समुद्रावर आमचं गाव, तिथं कोळ्यांच्या दोन तुकड्या आहेत. एक नंबर आणि दोन नंबर. दोघांची देवळं वेगळी, ढोल वेगळे, होड्या वेगळ्या, आणि एकमेकांना टोमणे मारायचे ते तोंडानं नाही, निशाणावर चित्र शिवून. कुणाच्या होडीत मासे नाही आले की समोरची तुकडी माझ्याकडे येते आणि म्हणते, "एकोव, रिकामी टोपली शिव, खाली एक रडणारा माणूस दाखव." मी शिवतो. मग ज्यांची टोपली ते येतात, त्यांचं उत्तर मीच शिवतो. दोन्हीकडचं खातो आणि दोन्हीकडच्या शिव्याही मीच खातो. मी स्वतः बापाकडून एक नंबरचा, पण माझी भाची अराबा दिलीय दोन नंबरच्या कोज्वोला. त्यामुळे मला दोन्ही अंगणात पाणी मिळतं.

आता माझं दुकान बाळंतपणाच्या दवाखान्यासमोर. मंगळवारी समुद्रात जायचं नसतं, देवाचा वार. म्हणून गावातले सगळे पुरुष मंगळवारी माझ्या दुकानासमोर जाळी विणत बसतात. आणि गरोदर बायकांच्या तपासणीचा वारही मंगळवारच. आतली जमीन वाकडी म्हणून सिस्टर फिलोमिनाचा वजनकाटा बाहेर व्हरांड्यात. सिस्टर काट्याकडे बघणार, मोठ्यानं आकडा ओरडणार, आतली पोरगी तो वहीत लिहिणार. म्हणजे अख्ख्या गावाला आकडा ऐकू येणार.

तर त्या मंगळवारी एक नंबरच्या केतसिवाचं वजन महिन्यात पाच किलो वाढलं, आणि माझ्या अराबाचं एक किलो. तिचा चौथा महिना चालू होता. सिस्टरला अराबाचा आकडा आवडला. पण जाळी विणणाऱ्यातला एक जण म्हणाला, "दोन नंबरवाले बायकांना काटेच खायला घालतात वाटतं."

माझे हात शिवशिवले. दुपारपर्यंत मी एक निशाण शिवलं. मधोमध तराजू. एका पारड्यात लाल कापडाची गोलमटोल बाई, पारडं पार जमिनीला टेकलेलं. दुसऱ्या पारड्यात पांढऱ्या कापडाची काडी, हवेत उडतेय, हातात माशाचा सांगाडा. दारावर टांगलं. मला वाटलं, लोक हसतील, दोन शिव्या देतील, संपलं.

संध्याकाळच्या आत दोन नंबरचा सुपी आला. सुपी म्हणजे तुकडीचा मुख्य. याचं नाव अमिस्सा, आवाज ढोलासारखा, विनोद मात्र त्याच्या घराण्यात कुणी केलेला नाही.

"शिंप्या, ती हवेत उडणारी कोण?"

"कुणी नाही सुपी. पांढरं कापड उरलं होतं."

"आमच्याकडे बायका उपाशी आहेत असं म्हणतोस?"

"मी कुठं म्हणतोय? काटा म्हणतोय."

हे वाक्य मी गिळायला हवं होतं. सुपी अमिस्सानं व्हरांड्यातल्या काट्याकडे असं बघितलं, जसं पूर्वीचे लोक शत्रूच्या तोफेकडे बघायचे.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजवून ठराव झाला. दोन नंबरच्या चार गरोदर बायका यापुढे तुकडीच्या. प्रत्येक होडीतला पहिला मासा त्यांचा. सकाळी केंकीचे, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेल्या आंबट मक्याच्या पिठाचे, दोन गोळे, दुपारी फुफू, म्हणजे उकडून कांडलेल्या कंदाचा गोळा, आणि पामफळाचं दाट कालवण, मधे माल्टच्या गोड पेयाची बाटली, त्यात डब्यातलं गोड दूध. काम बंद. उभं राहणं बंद. अराबा माझी दिवसभर मासे धुरावायची, भट्टीपासून बाजारापर्यंत डोक्यावर परात घेऊन चार फेऱ्या मारायची. आता तिच्या मागे तिचा दीर खुर्ची घेऊन फिरायला लागला. ती संडासला निघाली तरी दारापर्यंत खुर्ची.

एक नंबरवाल्यांनी हे ऐकलं आणि त्यांच्याही चार बायका बसवल्या. तिथला सुपी अत्ता जरा हुशार. त्यानं फतवा काढला की मंगळवारी वजन होईपर्यंत कुणी संडासला जायचं नाही.

मग गाव चळलं. दोन नंबरच्या एका सासूनं सुनेच्या कापडाच्या काठात जाळ्याला लावायचे शिशाचे गोळे शिवून दिले. बाई चालली की खुळखुळ वाजायची. एक नंबरच्या केतसिवानं डोक्याच्या फडक्यात वाटणाचा दगड बांधला. सिस्टरनं फडकं सोडायला लावलं, दगड पडला सिस्टरच्याच पायावर. तरी सुपी अत्ता ओरडतोय, "दगड आमच्याच बाईचा आहे, धरा वजनात." आकडा जाहीर झाला की ज्याची सरशी, त्यांचा ढोल. सिस्टर तपासणीआधी सगळ्यांकडून एक गाणं म्हणवून घ्यायची, भाज्या खा, चाला फिरा, असलं काहीतरी. बायका ते गाणं तोंडात भजी धरून म्हणायच्या.

आणि मी? मी मजेत. तीन महिन्यांत अकरा निशाणं शिवली. एकावर तर गरोदर बाई होडीत बसलीय आणि होडी बुडतेय. ते दोन्ही तुकड्यांनी मागितलं.

सातव्या महिन्याच्या एका मंगळवारी सिस्टरनं अराबाचा आकडा ओरडला नाही. हळूच बोलली. मग व्हरांड्यातून मला बोट दाखवून बोलावलं.

सिस्टर फिलोमिना तशी बुटकी, पण तिनं चष्मा काढला की भले भले नावाडी शाळेतल्या पोरासारखे उभे राहतात. तिनं चष्मा काढला.

"या पोरीचा मामा तूच ना?"

"हो."

"सुरुवातीला अडुसष्ट होती. आज सत्त्याऐंशी. वर पाय सुजलेत, साखर काठावर आलीय."

"पण खातेय ती चांगलं."

"खातेय? बसवून ठेवलंय तिला. पोत्यात धान्य भरतात तसं भरताय. दोघांचं खा, दोघांचं खा. दुसरा आत मुठीएवढा आहे, त्याला काय फुफू लागतो का दुपारी? आणि ते गोड पाणी बाटल्या बाटल्या. चालणं नाही, काम नाही. वजन वाढणार नाही तर काय होणार?"

"पहिल्या वेळी काय झालं आठवतं?"

आठवत होतं. अराबाचा पहिला पोरगा साडेचार किलोचा. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. मी बाहेर याच पायरीवर बसलो होतो आणि आतून तिचा आवाज बंद झाला होता. पोरगा वाचला, ती वाचली, पण पुढे दोन महिने तिला भिंत धरून चालावं लागलं.

"या वेळी मूल तेवढं झालं तर मी इथं हात लावणार नाही," सिस्टर म्हणाली. "केप कोस्टच्या मोठ्या इस्पितळात पाठवणार. तिथं पोट कापून काढतील. नशीब असेल तर वेळेवर पोचेल. खाडीवरचा पूल तुला माहीत आहे."

पूल मला माहीत होता. अर्धा दिवस तो पूल असतो, अर्धा दिवस खाडी असते.

अराबा बाकावर बसली होती. शेजारी दीर, रिकामी खुर्ची घेऊन उभा. मी विचारलं, "तू नाही म्हणत का नाहीस?"

"कुणाला नाही म्हणू? सासूबाई समोर पाट टाकून बसतात. घास खाली ठेवला की म्हणतात, तुझ्या पोटात तुकडीची अब्रू आहे." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मामा, खरं सांगू? कालवण चांगलं असतं गं बाई."

"मला बाई म्हणतेस?"

"तुला अजून काय काय म्हणायचंय ते आत साठवून ठेवलंय. निशाण कुणी शिवलं होतं पहिलं?"

हसत होती, पण हात पोटावर होता. "मामा, मला कापून घ्यायचं नाही. आणि त्या पुलावर मरायचं तर मुळीच नाही."

मी त्याच दिवशी सुपी अमिस्साकडे गेलो. सांगितलं सगळं. तो म्हणाला, "एक नंबरवाले थांबले का?" मी सुपी अत्ताकडे गेलो. तो म्हणाला, "आधी त्यांना थांबायला सांग." अराबाच्या सासूकडे गेलो. तिनं मला जेवायला वाढलं.

सरळ बोलून या गावात कधी काही झालेलं नाही. मी दुकानात येऊन बसलो आणि विचार केला. ज्याच्यामुळे ही माणसं वेडी झाली, त्याच्याशिवाय ती शहाणी कशी होणार? निशाणच पाहिजे.

जुनं पांढरं कापड घेतलं. चहाच्या पाण्यात बुडवलं, दोन दिवस अराबाच्या बंद पडलेल्या भट्टीत धुरावलं. कडा उंदराकडून कुरतडून घेणार होतो, पण उंदीर ऐन वेळी येत नाहीत, म्हणून दातांनी मीच कुरतडल्या. मग त्यावर शिवली एक पालखी. आमच्या सणाला राजाला होडीसारख्या पालखीत बसवून डोक्यावरून नेतात, तशी. आत चार पोटुशा बायका. खाली चार पुरुष, गुडघे वाकलेले, जिभा बाहेर. आणि बाजूला एक पालखी जमिनीवर टेकलेली, तिच्यावर कावळा.

दोन्ही सुपींना बोलावलं. समोरासमोर बाकांवर बसले, एकमेकांकडे पाठ करून.

"आजोबांच्या पेटीत तळाशी सापडलं," मी म्हणालो. "मला वाटलं तुम्हाला हा नियम ठाऊक असेल."

"कुठला नियम?" दोघं एकदम.

"जी तुकडी बायकांच्या वजनाची फुशारकी मारते, तिनं सणाच्या दिवशी ते वजन उचलून दाखवायचं. चौघी एका पालखीत, चार माणसं खाली. आपल्या देवळापासून समोरच्यांच्या देवळापर्यंत आणि परत. मधे खाली ठेवली ती तुकडी हरली. आणि ते चित्र कायम राहतं. कावळ्यासकट."

सुपी अत्ताला शंका आली. "मी असं कधी ऐकलं नाही."

"म्हाताऱ्या क्वेगिरना विचारू या की."

क्वेगिर आजोबा नव्वदीचे. त्यांना मी काहीही पढवलं नव्हतं, देवाची शपथ. त्यांनी कापड डोळ्यांजवळ धरलं, बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "हो तर. मी लहान होतो. एक नंबरची पालखी बाजारात टेकली होती. कावळा मी बघितलाय." त्यांनी पालखीखालच्या चौघांची नावंसुद्धा सांगितली. एकाला दम्याचा त्रास होता म्हणाले.

मग विषयच संपला.

सणाला दोन महिने होते. तुकड्यांनी सराव करायचं ठरवलं. गरोदर बायकांना पालखीत घालून सराव कसा करणार? म्हणून सिस्टरच्या वहीतले आकडे मागून घेतले आणि बेरीज केली. दोन नंबरच्या चौघी मिळून साडेतीनशे किलो. म्हणजे पन्नास किलोच्या सिमेंटच्या सात गोण्या. गोण्या पालखीत रचल्या. वरच्या गोणीला कुणीतरी अराबाचं कापड गुंडाळलं, डोक्याला फडकं बांधलं. कोज्वोनं त्या गोणीकडे बघून मान खाली घातली, सासू समोर असली की घालतो तशी.

एक नंबरवाल्यांच्या पण सातच गोण्या झाल्या, आणि वर एक वाटणाचा दगड. सुपी अत्तानं तो आधी वजनात धरायला लावला होता ना, आता काढता येईना.

मंगळवार, भर दुपार. अख्खं गाव किनाऱ्यावर. कोज्वो, त्याचा भाऊ आणि होडीवरचे दोघं, असे चौघं खाली शिरले. सुपी अमिस्सा ओरडला, "उचला." पालखी वर आली. खरंच आली. कोज्वोनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसरं पाऊल वाळूत घोट्यापर्यंत गेलं ते परत निघेना. चौघंही हळूहळू, अगदी आदरानं, वाळूत खाली खाली जायला लागले. सुपी ओरडतोय, "पुढे," आणि ते जातायत खाली. शेवटी अराबाचं कापड नेसलेली गोणी घसरून कोज्वोच्या मांडीवर बसली आणि फुटली. तो पांढराफटक झाला, नखशिखांत.

"बायकोला काही निरोप?" अराबा खुर्चीतून ओरडली.

"तू," कोज्वो खोकत म्हणाला, "तू आज दुपारी काय खाल्लंस?"

त्या एका प्रश्नानं आमच्या गावाचं चाक उलटं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अराबा केंकीचं पान सोडतेय तर दिरानं येऊन दुसरा गोळा उचलला. माल्टच्या बाटल्या सुपींनी आपल्या घरात कुलपात ठेवल्या. खुर्च्या गेल्या. पहाटे उजाडलं की दोन नंबरच्या चार बायका खाडीपर्यंत चालत जायच्या आणि मागून चार नवरे, कुणी रस्त्यात भजीवालीपाशी थांबत नाही ना ते बघायला. तिकडून एक नंबरच्या चौघी यायच्या. खाडीपाशी आठ जणी भेटायच्या, नवऱ्यांना शिव्या द्यायच्या आणि परत यायच्या. अराबाची भट्टी पुन्हा पेटली. परात मात्र डोक्यावर दीर घ्यायचा. एक नंबरची केतसिवा मला म्हणाली, "मामा, तीन महिन्यांनी पहिल्यांदा मला माझी माणसं भेटली. खुर्चीत बसून नुसतं खाताना काही सुचतच नाही, मग पुन्हा खायचंच सुचतं."

पण आमची माणसं मधल्या रस्त्यानं चालतील तर शप्पथ. एका नवऱ्यानं बायकोला नुसती पपई आणि पाणी देणं सुरू केलं. सिस्टरनं चष्मा काढून त्याला व्हरांड्यात उभं केलं, सगळ्यांसमोर.

"पोट कमी करायला सांगितलंय का मी? वजन वाढायलाच पाहिजे, पण हळूहळू. मासा द्या, भाजी द्या, भूक लागेल तेवढं द्या. दोघांचं खाऊ घालू नका आणि दोघांना उपाशीही मारू नका. कळलं?"

"पण सिस्टर, गोणी पन्नास किलोची..."

"गोणी गेली खड्ड्यात."

आता प्रश्न असा की सासवांनी स्वयंपाक कमी केला नव्हता. त्यांना कोण सांगणार? कालवण तेवढंच शिजत होतं. ते कुणीतरी संपवायला हवं, नाहीतर सासूला कळेल. म्हणून नवरे खायला लागले. बायकोचं पान आणि आपलं पान. वर सुपींच्या घरात कुलपात माल्टच्या बाटल्या. महिन्याभरात सुपी अमिस्साच्या गळ्याखाली दुसरा गळा आला. होडी ढकलताना कोज्वोला दम लागायला लागला. एका मंगळवारी सिस्टरनं गंमत म्हणून त्याला काट्यावर उभं केलं आणि आकडा ओरडला. एक नंबरवाल्यांनी सवयीनं ढोल वाजवला.

नववा महिना लागला. अराबा एकोणनव्वदवर थांबली होती. दोन महिन्यांत दोन किलो. साखर उतरली, पण सिस्टर हसत नव्हती. "मागचे महिने पोटात गेलेत ते गेलेत," ती म्हणाली. "मूल केवढं झालंय ते बाहेर आल्यावरच कळेल. पोटावरून मला जरा मोठंच वाटतंय."

मंगळवारीच कळा सुरू झाल्या. मी त्याच पायरीवर बसलो. समोर जाळी विणणारे सगळे, दोन्ही तुकड्यांचे, जाळी मांडीवर टाकून दवाखान्याच्या दाराकडे बघत होते. पूल त्या दिवशी पाण्याखाली होता, सकाळीच बघून आलो होतो. आतून अराबाचा आवाज येत होता. कोज्वोला, सासूला, आणि नाव घेऊन मला, एकेक सुनावत होती. जोवर शिव्या ऐकू येत होत्या तोवर मी ठीक होतो. मग आवाज बंद झाला.

मी आयुष्यात इतक्या लोकांची चेष्टा केली, त्यातली एकही त्या क्षणी मला आठवली नाही. फक्त ती काडीसारखी बाई आठवली, पांढऱ्या कापडाची, हवेत उडणारी. माझ्याच हातानं शिवलेली.

मग आतून पोर रडलं. त्यामागून सिस्टरचा आवाज, नेहमीसारखा, गावभर ऐकू जाईल असा. "तीन किलो तीनशे. मुलगी."

दोन नंबरचा ढोल वाजला. क्षणभरानं एक नंबरचापण वाजला. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मी आत गेलो. अराबा भिजलेली, दमलेली, डोळे मात्र टक्क उघडे. "मामा, जवळ ये." मी वाकलो. मला वाटलं आभार मानतेय.

"आजोबांकडे शिलाई मशीन होतं का रे?"

"काय?"

"त्या जुन्या निशाणाला नागमोडी टीप आहे. मशीनची. मी पहिल्या दिवशीच बघितली."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कशाला घाई? पोर बाहेर यायचं होतं."

आता पोर बाहेर आलं होतं. तिनं आधी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं सुपीला, सुपीनं दुसऱ्या सुपीला. गावाच्या आठवणीत पहिल्यांदा दोन्ही सुपी एका बाकावर बसले, आणि ते माझा निकाल लावायला. दोघांनाही बसायला जागा पुरेना, इतके रुंद झाले होते. क्वेगिर आजोबांना साक्षीला बोलावलं, तर ते अजूनही ठाम. "मी कावळा बघितलाय," म्हणाले.

सुपी अमिस्सा म्हणाला, "नियम खोटा असला तरी आता आहे."

सुपी अत्ता म्हणाला, "फुशारकी कुणी सुरू केली? ज्यानं सुरू केली त्यानं उचलायचं."

म्हणून सणाच्या दिवशी पालखी निघाली. आत एकटी अराबा, मांडीवर दहा दिवसांची पोर, डोक्यावर छत्री. पुढच्या दोन दांड्यांखाली दोन्ही सुपी, धापा टाकत. मागे एका बाजूला कोज्वो, दुसऱ्या बाजूला मी, वय त्रेपन्न. एक नंबरच्या देवळापासून दोन नंबरच्या देवळापर्यंत आणि परत. वाटेत केतसिवा आपली पोर पाठीला बांधून पालखीशेजारून चालत होती आणि माझे गुडघे किती वाकलेत ते लोकांना ओरडून सांगत होती.

बाजारापाशी माझी मान गेली. "अराबा, जरा खाली ठेवू का? एक मिनिट."

"ठेव की. कावळा बसायलाच आलाय बघ."

छपरावर खरंच एक कावळा होता.

मी चाललो. वरून अराबानं केळेवालीला हाक मारली. ती भाजलेलं केळं आणि भाजलेल्या शेंगा घेऊन धावत आली. मग माझ्या मानेवर गरम गरम टरफलं पडायला लागली, एकामागून एक. मी मोजली नाहीत. दुसरं केळं मागवलं तेव्हा मात्र बोललो.

"अगं, सिस्टर काय म्हणाली होती, दोघांचं खायचं नाही."

"दोघांचं नाही मामा," ती वरून म्हणाली. "हे माझं एकटीचं आहे. तू चाल."